फोटोबरहुकूम डोळा

मास्तरांच्या स्टुडिओत फोटो काढायचे मास्तर, पण फोटो यायचा तो काकूंमुळे. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं, फक्त ते कबूल करत नसत. माणूस स्वभावाने लाकूड. "मान सरळ. हनुवटी खाली. हलू नका," एवढंच बोलणार, आणि तेही अशा आवाजात की समोरच्याला वाटावं आपल्या हातून काहीतरी गुन्हा झालाय. मग काकू येऊन कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या राहायच्या. हातात पिवळं रबरी बदक, दाबलं की चीं करणारं. ते कधी स्वतःच्या डोक्यावर, कधी मास्तरांच्या टकलावर. गिऱ्हाईक कॅमेरा विसरून काकूंच्या डोळ्यांत बघायचं आणि हसायचं, आणि नेमक्या त्या घटकेला मास्तर बटण दाबायचे. तान्ही पोरं, रुसलेल्या नवऱ्या, पेन्शनच्या फोटोसाठी आलेले खडूस म्हातारे, काकूंपुढे कुणाचीच डाळ शिजायची नाही.

मास्तरांचं राज्य त्यानंतर सुरू व्हायचं, आतल्या खोलीत, संगणकापुढे. कुणाची पुटकुळी पुसायची, कुणाची डोळ्यांखालची काळी वर्तुळं उडवायची, कुणाच्या भुवईतला पांढरा केस काळा करायचा. डोळे तर त्यांची खासियत. पांढरं असं स्वच्छ करायचे की जणू माणूस आत्ताच तोंड धुऊन जन्माला आलाय. "मास्तर, डोळे काय आलेत हो," असं कुणी म्हटलं की मास्तर खाली बघून पाकीट चिकटवत बसायचे, पण कान लाल झालेले असायचे. हात इतका बसलेला होता की फोटो समोर आला आणि त्यांनी तो पुसला नाही असं कधी झालंच नाही.

मग काकूंच्या डाव्या डोळ्याच्या आत गाठ निघाली. डॉक्टरांनी डोळा काढला आणि जीव राखला. शिर सलामत तर पगडी पचास म्हणायला काय जातं, म्हणणाऱ्याचे दोन्ही डोळे जागेवर असतात. जखम भरली तरी काकू पडद्यामागून बाहेर येईनात. पावत्या करायच्या, प्रिंट कापायच्या, फोनवर गिऱ्हाइकाशी हसून बोलायच्याही, पण कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं नाव काढलं की म्हणायच्या, "मला बघून पोरं हसणार नाहीत, पळतील." बदक ड्रॉवरमध्ये गेलं. आणि स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या फोटोंचं विचाराल, तर सगळी माणसं पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसायला लागली.

मास्तरांना धंद्याचं दुःख नव्हतं. त्यांना ती रिकामी जागा बघवत नव्हती. फरशीवर काकू उभ्या राहायच्या तिथला रंग झिजून फिका झाला होता, आणि मास्तर कॅमेऱ्यामागून दिवसभर त्या फिक्या चकतीकडे बघत. बायको घरातच होती, हाक मारली की ओ देत होती, तरी ती हरवली होती.

डॉक्टरांकडे तयार डोळे होते, प्लास्टिकचे, ट्रेमध्ये मांडलेले. काकूंनी एकेक बघितला आणि म्हणाल्या, "ही तर शर्टाची बटणं आहेत." तेव्हा पुढे सरसावला तो काकूंचा धाकटा भाऊ. ऑनलाइन खरेदीतला हा पोचलेला माणूस. कुठल्या कुठल्या देशांतून वस्तू मागवायचा आणि त्यातल्या निम्म्या नापसंत ठरवून पैसे परत मिळवायचा. एकदा तर झिजलेल्या बुटांचा रिफंड त्याने 'तळवे अपेक्षेपेक्षा पातळ' असं लिहून आणला होता. त्याने शोधून काढलं, की साता समुद्रापलीकडे एक म्हातारा काचवाला आहे, त्याच्या घरात बापजाद्यांपासून काचेचे डोळे करतात. डॉक्टरांनी खोबणीचा साचा घ्यायचा, तो कापसात गुंडाळून पाठवायचा, आणि सोबत उरलेल्या डोळ्याचा जवळून काढलेला फोटो.

"फोटो तेवढा चांगला हवा, दाजी," मेहुणा म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि कॅमेरा उचलला.

डोळा आला, पण घरी नाही आला. कस्टमच्या कचेरीतून चिठ्ठी आली, की पार्सल अडकलंय, येऊन भेटा. तिथल्या खिडकीमागे एक मॅडम बसल्या होत्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, समोर कात्री आणि चिकटपट्टी. पार्सलवर काचवाल्याने लिहिलं होतं: हाताने केलेली काच, नग एक.

"फुलदाणी?" मॅडमनी विचारलं.

"डोळा," मास्तर म्हणाले.

मॅडमना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. त्यांनी खोका कापला, लोकर बाजूला केली, आतली लाकडी डबी उघडली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. डबीत अंड्याच्या कवचाच्या तुकड्याएवढी पातळ वाटी होती, आणि तिच्यातून एक डोळा वर बघत होता. तपकिरी बुबुळ, त्यात आत आत जाणाऱ्या बारीक रेघा, मध्ये काळी बाहुली, आणि वर ओल असावी तशी चकाकी. शेजारच्या खिडकीवर एक गृहस्थ मोबाइलच्या ड्युटीवरून तावातावाने भांडत होते, ते वाक्य अर्धं सोडून इकडे बघायला लागले. रांगेतली माणसं वाकून आली. एवढीशी काच, पण सगळ्यांना वाटलं आपण आवाज केला तर ती ऐकेल.

"अगंबाई, हे बघतंय माझ्याकडे," मॅडम हळूच म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा सरकार झाल्या. "हे बघा, वैद्यकीय वस्तूला ड्युटी माफ आहे. डॉक्टरांचं पत्र आणलंय?"

पत्र आणायला हवं हे मास्तरांना कोण सांगणार? मेहुण्याने आजवर बूट आणि हेडफोन मागवले होते.

"पत्र नसेल तर ही शोभेची काच. शोभेच्या काचेला सगळ्यात जास्त ड्युटी. किंवा पार्सल इथे राहू द्या, पत्र घेऊन या, साहेब तपासतील, मग बघू."

सरकारी 'मग बघू' म्हणजे काय ते मास्तरांना कळत होतं. त्यांनी मुकाट्याने पैसे भरले आणि डबी खिशात न ठेवता दोन्ही हातांत धरून घरी नेली.

डॉक्टरांनी डोळा बसवला. साच्याप्रमाणे अगदी चपखल बसला, टोचला नाही, खुपला नाही. काकूंनी आरसा घेतला आणि कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सुंदर आहे," काकू शेवटी म्हणाल्या. "पण माझा नाही हो हा."

खरंच होतं. डोळा म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती, पण काकूंच्या उजव्या डोळ्याशेजारी तो जुन्या फरशीत बसवलेल्या नव्या लादीसारखा दिसत होता. पांढराशुभ्र, कोरा. पन्नाशी उलटलेल्या चेहऱ्यात विशीतला डोळा. तरी काकूंनी हिंमत केली. दुसऱ्या दिवशी शेजारची एक आई तिच्या पोराला घेऊन आली, तेव्हा ड्रॉवरमधून बदक काढून त्या कॅमेऱ्याशेजारी, आपल्या फिक्या चकतीवर जाऊन उभ्या राहिल्या. बदक चीं करून ओरडलं. पोरगं हसलं नाही. रडलंही नाही. ते त्या पांढऱ्या डोळ्याकडे टक लावून बघत राहिलं आणि मग त्याने बोट उचलून त्या डोळ्याकडे दाखवलं.

काकूंनी बदक परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. फोटो राहूनच गेला.

"फसवणूक आहे ही," मेहुणा त्या संध्याकाळी बाह्या सरसावून बसला. "दाजी, तक्रार टाकू. 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.' त्याने मुदतीत उत्तर दिलं नाही तर पैसे आपोआप परत. उत्तर दिलं तरी कंपनी गिऱ्हाइकाचंच ऐकते, माझा अनुभव आहे."

"ड्युटीचं काय?"

मास्तरांनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, वस्तू होती तशी, माझ्या खिडकीवरून, देशाबाहेर परत जाणार असेल तर ड्युटी परतीचा अर्ज घेता येईल. म्हणजे डोळा काढून, धुऊन, डबीत घालून परत. काकू शेजारी बसून ऐकत होत्या. "काढा काढा," त्या म्हणाल्या, "एकदा काढलाय, सवय झालीय." मेहुणा हसायला गेला आणि बहिणीचं तोंड बघून गप्प झाला.

मास्तर संतापले होते. एरवी ज्यांच्या तोंडातून शब्द विकत घ्यावा लागायचा, त्यांनी मेहुण्याला पानभर मजकूर सांगितला. कारागीर म्हणवणाऱ्याला डोळ्याचा रंग कळू नये, समोर फोटो असताना कळू नये, याला काय म्हणावं. तक्रार गेली.

उत्तर तिसऱ्याच दिवशी आलं. काचवाला आपल्या भाषेत लिहायचा आणि यंत्र त्याचं मराठी करायचं, त्यामुळे मजकूर जरा लंगडत यायचा.

'प्रिय ग्राहक महोदय, तुमचा राग मला पोचला आहे. मी भांडण करत नाही. कृपया चित्र पाहा.'

खाली दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एका बाजूला मास्तरांनी पाठवलेला फोटो, दुसऱ्या बाजूला काचेचा डोळा, तेवढाच मोठा करून. मास्तरांनी दोन्ही आणखी मोठी केली. रेघ न् रेघ जुळत होती. बुबुळाच्या कडेची गडद किनार, तिच्यातली एक नाजूक तूट, आतला मधासारखा पट्टा, सगळं. पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला बसून एका म्हाताऱ्याने त्यांच्या बायकोच्या डोळ्यातली एकेक रेघ विस्तवावर काच वितळवून ओढली होती. आणि पांढरं? पांढरं फोटोत जसं होतं, अगदी तसं. शुभ्र.

'लाल काचेचा धागा मी केसाहून बारीक ओढतो,' खाली लिहिलं होतं. 'त्याने डोळ्याच्या शिरा करतो. तुमच्या पत्नीसाठी धागा ओढून ठेवला. मग फोटो पाहिला. शीर एकही नाही. पिवळेपणा नाही. ठिपका नाही. मी म्हातारा झालो, असा डोळा पाहिला नाही. मला वाटले, त्या देशात अशी माणसे असतील. मी धागा ठेवून दिला.'

मास्तर उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी मूळ फोटो शोधला. नव्हता. पुसलेला फोटो मूळ फोटोवरच जतन करायची त्यांची पद्धत, उगाच जागा कशाला अडवायची. मग त्यांनी काकूंचे जुने फोटो उघडले. सहलीचे, वाढदिवसांचे, दुकानाच्या उद्घाटनाचा. सगळ्या फोटोंत तेच स्वच्छ पांढरे डोळे, न थकलेले, न जागलेले. फोटोवाल्याच्या घरात बायकोचा एक खरा फोटो नव्हता. मास्तरांना भीती वाटली, दाराला कडी नसताना वाटते तशी.

"काय झालं?" काकूंनी पडद्यातून डोकं घातलं.

"त्याची चूक नाही. माल फोटोबरहुकूम आहे. फोटो खोटा आहे."

मेहुण्याने कपाळावर हात मारला. 'तक्रार मागे घ्या' या बटणाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, की एकदा मागे घेतली की या वस्तूबद्दल पुन्हा कधीही तक्रार करता येणार नाही, पैसेही मागता येणार नाहीत. "दाजी, चालून आलेली लक्ष्मी आहे. त्याला कुठे कळतंय तुम्ही फोटो पुसलात ते."

"मला कळतंय ना," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ते बटण दाबलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बटण दाबताना 'हलू नका' म्हटलं नाही.

मग ते काकूंना म्हणाले, "चल, दारात उजेडाला बस."

"पुन्हा?"

"बस म्हणतो ना."

दिवे नाहीत, पडदा नाही. फक्त दारातून येणारा सकाळचा उजेड. मास्तरांनी जवळचं भिंग लावलं, काकूंच्या उजव्या डोळ्याचा फोटो काढला आणि मोठ्या पडद्यावर उघडला. हात सवयीने माउसकडे गेला. तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला आणि नुसतं बघितलं.

बाप रे. बुबुळ म्हणून ज्याला त्यांनी आयुष्यभर एकच तपकिरी रंग समजून घेतलं होतं, तिथे एक अख्खा मुलूख पसरला होता. कडेला चहाच्या कपाच्या तळाशी राहतो तसा गडद काठ, तिथून आत येणाऱ्या शेकडो वाटा, कुठे मधाचा रंग, कुठे ओल्या मातीचा, आणि मध्ये इतका खोल काळोख की मास्तरांना वाटलं आपण वाकलो तर आत पडू. पांढऱ्यात हस्तिदंतासारखी झाक होती. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात तिळाएवढाही नाही असा एक तपकिरी ठिपका होता. धूळ समजून हा ठिपका आपण किती वेळा पुसला असेल, मास्तरांना आठवेना. ही बाई इतकी वर्षं समोर बसून जेवत होती, भांडत होती, आणि त्यांनी तिला बघितलंच नव्हतं. त्यांनी फक्त साफ केलं होतं.

पण पांढऱ्यावर लाल शिरांचं जाळंही होतं, दाट, कोपऱ्यांत पार पेटलेलं.

"हे लाल कशाने?" त्यांनी विचारलं.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. "रडून," त्या म्हणाल्या. "अजून कशाने असणार. तुम्ही दुकान उघडायला खाली गेलात की रडते मी रोज."

मास्तर पडद्यावरच्या शिरांकडे वळले. हेही त्यांनी पहिल्या फोटोतून पुसून टाकलं होतं.

तो फोटो त्यांनी तसाच पाठवला. काचवाल्याचं उत्तर आलं. 'आता मला पत्नी दिसल्या. नमस्कार सांगा. परंतु महोदय, हा रडलेला डोळा आहे. काच बदलत नाही. मी असा केला तर तो मरेपर्यंत रडलेला राहील. कृपया त्यांना काही दिवस हसवा. झोपू द्या. मग फोटो पाठवा. मी थांबतो.'

हसवा म्हणे. मास्तरांनी गल्लीतल्या कुणाला आजवर हसवलं नव्हतं. हसवणारी जी होती तिलाच आता हसवायचं होतं. दोन दिवस ते नुसतेच काकूंच्या मागे मागे फिरले. एक विनोद सांगायला घेतला आणि त्याचा शेवट विसरले. मेहुण्याने मोबाइलवर मांजरांचे व्हिडिओ दाखवले, त्या मांजरांची मास्तरांनाच दया आली. तिसऱ्या दिवशी काकू दारात उजेडाला भाजी निवडत बसल्या होत्या. मास्तर आतून आले. टकलावर पिवळं बदक, ते पडू नये म्हणून मान ताठ, हात दोन्ही बाजूंना, आणि चेहरा असा गंभीर, की जणू पासपोर्टचा फोटो काढायला बसलेत.

"मान सरळ," ते म्हणाले. "हनुवटी खाली. हलू नका."

बदक घसरून भाजीत पडलं आणि चीं करून ओरडलं.

काकू आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या इतक्या हसल्या की निवडलेली भाजी न निवडलेल्या भाजीत गेली. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला," म्हणत त्यांनी पदराने डोळा पुसला. मास्तरांना जमतंय असं वाटल्यावर ते रोज काहीतरी करायला लागले, आणि त्यातलं काहीच धड जमत नव्हतं म्हणून काकू रोज हसल्या. दुपारी त्या झोपायला लागल्या. सकाळी मास्तर दुकान उघडायला उशिरा जायला लागले. आणि एका सकाळी दारातल्या उजेडात त्यांनी पुन्हा फोटो काढला. शिरा होत्याच, पण विझलेल्या, बारीक, रोजच्या जगण्याएवढ्या. ठिपका होता. तो फोटो काहीही न पुसता गेला. दुसऱ्या डोळ्याचे पैसे मास्तरांनी आधीच भरले होते.

पार्सल आलं तेव्हा मास्तर डॉक्टरांचं पत्र घेऊनच कस्टममध्ये गेले. मॅडमनी पत्र वाचलं, शिक्का मारला, ड्युटी माफ केली. मग इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "उघडू का? तपासायचं असतं." तपासायचं काहीही नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. डबी उघडली. मॅडमनी चष्मा काढला. शेजारच्या खिडकीतले साहेब उठून आले, त्यांच्या मागून शिपाई आला.

"मागचा फार देखणा होता," मॅडम म्हणाल्या. "हा ओळखीचा वाटतो."

मास्तरांनी कोपऱ्यात बघितलं. नाकाच्या बाजूला, तिळाएवढाही नाही असा तपकिरी ठिपका. कुणा परक्या म्हाताऱ्याने, कधी न भेटलेल्या बाईसाठी, धूळ न समजता ठेवलेला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते मॅडमसमोरच बाहीने पुसलं.

पहिला डोळा काकूंनी कपाटात ठेवला. "कुणाच्या लग्नाबिग्नाला घालीन," म्हणाल्या. दुसरा घालून त्यांनी आरशात बघितलं, यावेळी फार वेळ नाही. केस सारखे केले, ड्रॉवर उघडला आणि बदक काढलं.

शेजारची आई पोराला घेऊन आली. त्याचा फोटो राहिलाच होता. पोरगं स्टुलावर बसलं, हाताची मूठ तोंडात. मास्तर कॅमेऱ्यामागे गेले. काकू येऊन फिक्या चकतीवर उभ्या राहिल्या. पोराने त्यांच्याकडे बघितलं. एका डोळ्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. बदक चीं करून ओरडलं. पोराने मूठ तोंडातून काढली आणि ते काकूंकडे बघत हसायला लागलं, पोट धरून, बिनदाताचं, स्टुलावरून पडेपर्यंत. काकूही हसत होत्या. दारातला उजेड त्यांच्या तोंडावर होता आणि मास्तर कॅमेऱ्यावरून मान वर काढून आपल्या बायकोकडे बघत होते, आणि त्यांना त्या क्षणी कुठला डोळा देवाचा आणि कुठला काचवाल्याचा हे खरोखरच आठवलं नाही.

"अहो," काकू म्हणाल्या, "बघत काय बसलात? बटण दाबा."